रॉकच्या हॉल ऑफ फेममध्ये रॅपवाले कशाला?

दरवर्षी अमेरिकेतल्या रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमची, म्हणजे रॉकमधल्या नामवंतांचा गौरव करणाऱ्या संस्थेची, नवी यादी जाहीर झाली की तेच भांडण पुन्हा उकरून निघतं. यादीत कुणी रॅपर असतो, कुणी कंट्री (अमेरिकी ग्रामीण बाजाची) गायिका, कुणी डिस्कोवाली, कुणी निव्वळ पॉप. एक गट विचारतो, यात रॉक कुठे आहे? दुसरा गट म्हणतो, रॉक म्हणजे काय हे तुम्हाला कधी कळलंच नाही. मग दोन-तीन आठवडे धुरळा उडतो आणि पुढच्या यादीपर्यंत सगळं शांत.

आपल्याकडून पाहिलं तर हे जरा गमतीचंच वाटतं. आपल्या कॅसेटच्या दुकानात ‘इंग्लिश’ नावाचा एकच कप्पा असायचा. त्यात मायकल जॅक्सन, बोनी एम, क्वीन आणि केनी रॉजर्स खेटून उभे असायचे आणि त्याचं कुणाला काही वाटायचं नाही. १९९६ साली मायकल जॅक्सन मुंबईत आला, तेव्हा हा पॉप, रॉक की आर अँड बी (रिदम अँड ब्लूज) असा प्रश्न अंधेरीच्या क्रीडासंकुलाबाहेर थांबलेल्या गर्दीतल्या कुणाला पडला असेल असं वाटत नाही. पण ज्यांच्या घरचं हे संगीत, त्यांच्यासाठी या भिंती खऱ्या आहेत. त्या कुणी बांधल्या हे कळलं की अर्धा वाद आपोआप उलगडतो. उरलेला अर्धा मात्र उलगडत नाही, आणि त्यात पहिल्या गटाचंही काही म्हणणं बरोबर आहे.

आधी संस्था समजून घेऊ. १९८३ साली अहमत एर्तेगुन यांच्या पुढाकाराने ती सुरू झाली. एर्तेगुन हे तुर्कस्तानच्या अमेरिकेतल्या राजदूतांचे चिरंजीव. जॅझ आणि ब्लूज या कृष्णवर्णीयांच्या संगीताच्या वेडापायी त्यांनी १९४७ मध्ये भागीदारीत अटलांटिक रेकॉर्ड्स ही कंपनी काढली. रे चार्ल्स आणि अरीथा फ्रँकलिन यांची गाजलेली रेकॉर्डिंग्ज याच कंपनीची. म्हणजे ‘रॉक’ची संस्था काढणारा माणूसच मुळात कृष्णवर्णीयांच्या रिदम अँड ब्लूजमधून आलेला. सोबत ‘रोलिंग स्टोन’ मासिकाचे जॅन वेनर आणि रेकॉर्ड कंपन्यांतले काही बडे लोक, वकील वगैरे.

पहिला सोहळा जानेवारी १९८६ मध्ये न्यू यॉर्कच्या वॉल्डॉर्फ अस्टोरिया हॉटेलात झाला. तेव्हा स्वतःची इमारत नव्हती. ती झाली क्लीव्हलँडमध्ये, ईरी सरोवराच्या काठावर, आणि उघडली १९९५ च्या सप्टेंबरमध्ये. पॅरिसच्या लूव्रसमोर काचेचा पिरॅमिड उभारणारे आय. एम. पे हेच तिचे वास्तुरचनाकार. क्लीव्हलँडच का, तर अ‍ॅलन फ्रीड हा रेडिओ निवेदक पन्नाशीच्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्या केंद्रावरून रात्री कृष्णवर्णीय कलाकारांच्या तबकड्या वाजवायचा आणि त्या संगीताला रॉक अँड रोल म्हणायचा. ऐकणाऱ्यांत गोरी पोरंही होती. त्या काळात ही साधी गोष्ट नव्हती.

निवड कशी होते? कलाकाराची पहिली तबकडी बाजारात येऊन २५ वर्षं झाली की तो पात्र ठरतो. एक छोटी समिती नावं सुचवते. मग मतपत्रिका हजारावर मतदारांकडे जातात. त्यांत आधी निवडले गेलेले कलाकार असतात, संगीताचे इतिहासकार असतात, व्यवसायातली माणसं असतात. २०१२ पासून चाहत्यांनाही ऑनलाइन मत देता येतं. मात्र त्या सगळ्या मतांतून पुढे आलेल्या नावांची मिळून एकच मतपत्रिका धरली जाते. लाखो चाहत्यांचं वजन एका मतदाराएवढं. आणि कुणाला किती मतं पडली, हे संस्था सांगत नाही.

निकषही संस्थेने लवचीकच ठेवला आहे. रॉक अँड रोलच्या विकासात आणि ते पुढे चालू राहण्यात त्या कलाकाराचा प्रभाव आणि महत्त्व किती, हे मतदारांनी पाहायचं. यात गिटार वाजवता आली पाहिजे असं नाही. पण रॉक अँड रोल म्हणजे काय, तेही सांगितलेलं नाही. सगळी गोम इथे आहे.

पहिल्या यादीतच काय होतं

‘पूर्वी इथे फक्त रॉकवाले असायचे, आता कुणालाही घेतात’ ही तक्रार नेहमी ऐकू येते. पण १९८६ च्या पहिल्या दहा कलाकारांची नावं वाचली की ती टिकत नाही. एल्व्हिस प्रेस्ली, चक बेरी, लिटल रिचर्ड, फॅट्स डॉमिनो, बडी हॉली, जेरी ली लुईस हे सहा जण समजू शकतो. पण त्यांच्याच शेजारी सोल आणि फंकचा जेम्स ब्राउन होता. चर्चच्या गॉस्पेलमधून सोलकडे आलेला सॅम कुक होता. गॉस्पेल, जॅझ, ब्लूज सगळं एकत्र कालवणारा रे चार्ल्स होता. आणि एव्हर्ली ब्रदर्स होते, ज्यांच्या दोन आवाजांची ती घट्ट जोडी थेट केंटकीकडच्या कंट्री गाण्यातून आलेली. दहातले चार जण असे की आज त्यांची नावं नव्याने सुचवली, तर हेच तक्रारवाले ‘हे रॉक कुठे?’ म्हणतील.

त्याच वर्षी ‘प्रारंभीचे प्रभाव’ या वेगळ्या विभागात रॉबर्ट जॉन्सन, जिमी रॉजर्स आणि जिमी यान्सी यांना मान मिळाला. एक डेल्टा ब्लूजचा, एक कंट्रीचा, एक बूगी-वूगी पियानोचा. तेव्हा नंतर जॅझवाला माइल्स डेव्हिस (२००६) आला, रेगेवाला बॉब मार्ली (१९९४) आला, कंट्रीवाला जॉनी कॅश (१९९२) आला, पॉपवाले आबा (२०१०) आले, यात संस्था भरकटली असं म्हणायला फारसा आधार नाही. ती पहिल्या रात्रीपासून अशीच होती.

भिंती कुणी बांधल्या

१९२० मध्ये मेमी स्मिथ या कृष्णवर्णीय गायिकेची ब्लूजची तबकडी ओके या कंपनीने काढली आणि ती धडाक्याने खपली. कृष्णवर्णीय ग्राहक तबकड्या विकत घेतात, हे कंपन्यांना त्या दिवशी कळलं. त्यांच्यासाठी मग वेगळी मालिका निघाली, ‘रेस रेकॉर्ड्स’. रेस म्हणजे वंश. दक्षिणेतल्या गरीब गोऱ्यांसाठी दुसरी, ‘हिलबिली’. वेगळे कॅटलॉग, वेगळ्या जाहिराती, वेगळी दुकानं. गाणं कसं आहे यापेक्षा ते कुणाला विकायचं आहे, यावर ते कोणत्या मालिकेत जायचं हे ठरायचं. बिलबोर्ड मासिकातल्या कृष्णवर्णीयांच्या संगीताच्या यादीचं नावही १९४९ पर्यंत ‘रेस रेकॉर्ड्स’ होतं. मग तिथल्याच जेरी वेक्सलर या बातमीदाराच्या सूचनेवरून ते ‘रिदम अँड ब्लूज’ झालं. हेच वेक्सलर पुढे एर्तेगुन यांच्या कंपनीत भागीदार झाले आणि १९८७ मध्ये हॉल ऑफ फेममध्येही गेले. त्याच सुमारास हिलबिलीचं ‘कंट्री अँड वेस्टर्न’ झालं. पाटी बदलली, कप्पे तेच राहिले.

वाजवणारे मात्र हे कप्पे पाळत नव्हते. एक उदाहरण सविस्तर सांगण्यासारखं आहे.

जुलै १९३०, हॉलिवूड. जिमी रॉजर्स रेकॉर्डिंगला बसला आहे. मिसिसिपीचा गोरा गडी, रेल्वेत ब्रेकमन म्हणून राबलेला, क्षयाने पोखरलेला, आणि ‘हिलबिली’ कप्प्यातला सर्वांत खपणारा गायक. गाणं त्याच्या ‘ब्ल्यू योडल’ मालिकेतलं नववं. पियानोवर लिल हार्डिन आर्मस्ट्राँग आहे आणि ट्रम्पेटवर तिचा नवरा, लुई आर्मस्ट्राँग. आपण आज ज्याला जॅझचा मूळपुरुष म्हणतो तोच. रॉजर्सची बारा ‘बार’ची (तालाच्या बारा तुकड्यांची) चाल नीट मोजून मापून चालत नाही, कुठे तो एखादी मात्रा ओढतो, कुठे खातो. आर्मस्ट्राँग त्याच्या प्रत्येक ओळीच्या मागे बेतशीर उत्तर देतो, जणू आयुष्यभर दोघं एकत्र वाजवत आले आहेत. तबकडी निघाली ती रॉजर्सच्या नावाने. आर्मस्ट्राँगचं नाव तिच्यावर नव्हतं. गोऱ्यांच्या कप्प्यात विकायच्या मालावर ते कसं छापणार?

चाळीस वर्षांनी, १९७० च्या ऑक्टोबरमध्ये, आर्मस्ट्राँग नॅशव्हिलला जॉनी कॅशच्या दूरचित्रवाणी कार्यक्रमात आला आणि दोघांनी तेच गाणं पुन्हा केलं. कॅशने प्रेक्षकांना सांगितलं की त्या जुन्या तबकडीवर वाजवणारा हाच. पुढच्या वर्षी आर्मस्ट्राँग गेला.

आता ही तबकडी कोणत्या हॉल ऑफ फेमची? रॉजर्स १९६१ साली कंट्रीच्या स्वतंत्र हॉलमध्ये अगदी पहिल्या तुकडीत आहे आणि रॉकच्याही पहिल्या तुकडीत आहे. आर्मस्ट्राँग जॅझचा, तोही १९९० पासून रॉकमध्ये आहे. कॅश कंट्रीत आहे आणि रॉकमध्येही.

एल्व्हिसची जुलै १९५४ मधली पहिली तबकडी घ्या. सॅम फिलिप्सच्या सन रेकॉर्ड्सने मेम्फिसमध्ये काढलेली. एका बाजूला आर्थर क्रुडप या कृष्णवर्णीय गायकाचा ब्लूज, दुसऱ्या बाजूला बिल मनरो या गोऱ्या गायकाचं ब्लूग्रास, म्हणजे कंट्रीचाच एक प्रकार. पुढच्या वर्षी चक बेरीची पहिली हिट आली ‘मेबेलीन’. तिचा सांगाडा बॉब विल्सने लोकप्रिय केलेल्या एका फिडलच्या कंट्री गाण्याचा. म्हणजे गोरा पोरगा ब्लूज गात होता आणि काळा माणूस कंट्रीतून उचलत होता. रॉक अँड रोल जन्मलं ते असं, दोन कप्प्यांमधली फळी काढल्यावर. मग त्याच्याच नावाच्या संस्थेने पुन्हा फळ्या ठोकायच्या?

रॅपची लढाई

सगळ्यात मोठा गदारोळ झाला तो हिप-हॉपवरून, म्हणजे रॅप ज्यात येतं त्या संगीतावरून. ग्रँडमास्टर फ्लॅश अँड द फ्युरियस फाइव्ह २००७ मध्ये आले, या प्रकारातले पहिले. मग रन-डीएमसी (२००९), बीस्टी बॉइज, पब्लिक एनिमी. किस या बँडचा जीन सिमन्स २०१४ च्या आसपास मुलाखतींतून उघड म्हणू लागला की हे लोक गिटार वाजवत नाहीत, गातसुद्धा नाहीत, दुसऱ्याच्या तबकडीचे तुकडे घेतात आणि बोलतात, यांचं रॉकच्या हॉलमध्ये काय काम? यात व्यक्तिगत सल होताच. किस १९९९ पासून पात्र होते आणि त्यांना आत यायला २०१४ उजाडलं.

उत्तर मिळालं एप्रिल २०१६ मध्ये, ब्रुकलिनच्या सोहळ्यात. एन.डब्ल्यू.ए. या रॅप गटाच्या सत्काराला उत्तर देताना त्यातला आइस क्यूब म्हणाला की रॉक अँड रोल हे वाद्य नाही, संगीताची शैलीसुद्धा नाही, ती एक वृत्ती आहे, आणि ब्लूज, जॅझ, सोल, हेवी मेटल, पंक, हिप-हॉप अशी ती वाहत आली आहे. टाळ्या घेणारं भाषण होतं ते, आणि त्यातली चीड खरी होती. पण मला ते पुरेसं वाटत नाही. ‘वृत्ती’ म्हटलं की मग कुणालाही घेता येतं. बंडखोर वृत्तीचे चित्रकार असतात, मुष्टियोद्धे असतात. त्यांना घेणार का? एन.डब्ल्यू.ए.च्या बाजूने याहून भक्कम मुद्दा हाताशी होता.

तो मुद्दा रन-डीएमसीकडे पाहिलं की दिसतो. १९८५ मध्ये त्यांनी स्वतःला रॉकचे राजे म्हणवणारा अल्बम काढला. त्याच्या व्हिडिओत त्यांच्यातले दोघे रॅपर रॉक अँड रोलच्या एका काल्पनिक संग्रहालयात शिरू पाहतात आणि दारावरचा म्हातारा रखवालदार हसून सांगतो, हे रॉकचं संग्रहालय आहे, तुमचं इथे काम नाही. तेव्हा खऱ्या हॉल ऑफ फेमचा पहिला सोहळाही व्हायचा होता, क्लीव्हलँडची इमारत तर दहा वर्षं लांब. पोरांनी वाद होण्याआधीच त्याची खिल्ली उडवून ठेवली होती. पुढच्याच वर्षी त्यांनी एरोस्मिथ या रॉक बँडबरोबर त्यांचंच जुनं गाणं ‘वॉक धिस वे’ नव्याने केलं. बिलबोर्डच्या मुख्य यादीत ते चौथ्या क्रमांकापर्यंत गेलं; एरोस्मिथचं मूळ गाणं दहाव्यापर्यंतच पोचलं होतं. एरोस्मिथची गाडी तेव्हा रुळावरून घसरलेली होती. ती या गाण्याने पुन्हा मार्गी लागली. पुढच्या दशकात मोठमोठे गिटार बँड रॅप आणि रॉकचं मिश्रण करून स्टेडियमं भरू लागले. ही रन-डीएमसीची ‘वृत्ती’ नाही, हा त्यांनी रॉकवर प्रत्यक्ष केलेला परिणाम आहे. कुणालाही दाखवता येईल असा.

आणखी एक गोष्ट मला सतत खटकते. रॉकवाले बाहेरून काही घेऊन आले की त्याला प्रयोग म्हणायचं, आणि बाहेरचे आत आले की घुसखोरी. क्वीनचा फ्रेडी मर्क्युरी आपल्याला जवळचा, कारण तो पाचगणीच्या सेंट पीटर्समध्ये शिकला आणि तिथेच शाळेत त्याने पहिला बँड केला. १९७५ मध्ये त्याने एका रॉक गाण्याच्या मधोमध चक्क ऑपेरा घातला. २००१ मध्ये क्वीनची निवड झाली तेव्हा हे रॉक आहे का असं कुणी विचारलं नाही. विचारायचं कारणही नव्हतं. पण मग हाच उदारपणा उलट्या दिशेनेही हवा ना.

विरोधकांचं काय बरोबर आहे

विरोध करणाऱ्या सगळ्यांना संकुचित किंवा वर्णद्वेषी म्हणून मोकळं होता येत नाही. त्यांच्या तीन गोष्टींत तथ्य आहे.

पहिली, रांगेची. दर वर्षी मुख्य विभागात साधारण पाच ते सात-आठ कलाकार घेतले जातात. एक आत गेला की दुसरा थांबला. हेवी मेटलवाले ब्लॅक सॅबथ १९९५ पासून पात्र होते, घेतले २००६ मध्ये. मधल्या काळात त्यांचा गायक ऑझी ऑस्बोर्नने वैतागून आमचं नाव काढूनच टाका असं संस्थेला कळवलं होतं. डीप पर्पल १९९३ पासून पात्र, निवड २०१६ मध्ये. आपल्याकडे कॉलेजात गिटार हातात धरलेल्या प्रत्येक पोराने डीप पर्पलची ती एक धून वाजवलेली असते, आणि यांना २३ वर्षं ताटकळत ठेवलं. त्याच काळात मॅडोना, आबा आत गेले की हेवी मेटलच्या चाहत्याचं डोकं फिरणारच. फक्त, त्याचा राग चुकीच्या माणसांवर निघतो. मेटलला अडवलं ते रॅपर्सनी किंवा पॉपवाल्यांनी नाही. मेटल म्हणजे गोंगाट, असं मानणाऱ्या ‘रोलिंग स्टोन’ पठडीतल्या रॉक समीक्षकांनीच.

दुसरी गोष्ट पैशाची. सोहळा २०२३ पासून डिस्ने प्लसवर थेट दाखवला जातो. पडद्यावर दिसायला चेहरे लागतात. एखाद्या विस्मृतीत गेलेल्या ब्लूज गिटारिस्टपेक्षा सर्वांना माहीत असलेली पॉप गायिका कार्यक्रमाला जास्त उपयोगी. ‘आम्ही संगीताच्या सीमा मानत नाही’ हे तत्त्व आणि ‘आम्हाला प्रेक्षक हवेत’ ही गरज या दोन्हींचं उत्तर तेच येतं, तेव्हा संशय घ्यायला जागा राहते.

तिसरी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, आणि ती बोलून दाखवली एका ‘बाहेरच्या’ कलाकारानेच. २०२२ मध्ये डॉली पार्टनचं नाव यादीत आलं. मार्चमध्ये तिने नम्रपणे कळवलं की आपण हा हक्क कमावला आहे असं वाटत नाही, आपल्यामुळे इतरांची मतं फुटू नयेत, तेव्हा नाव मागे घ्या. तिच्या डोक्यात हा सन्मान रॉकवाल्यांचा होता, आणि ती कंट्रीची. संस्थेने उत्तर दिलं की मतपत्रिका आधीच गेल्या आहेत, नाव राहील. ती निवडून आली. मग तिनेही मान्य केलं आणि नोव्हेंबरमध्ये लॉस एंजेलिसच्या मंचावर काळ्या चामड्याच्या पोशाखात, गळ्यात गिटार अडकवून, याच प्रसंगासाठी लिहिलेलं रॉक गाणं गायलं. पुढच्या वर्षी ३० गाण्यांचा सबंध रॉक अल्बमच काढला. आधी पदवी, मग अभ्यास! बाई कामाला किती पक्की आहे बघा. पण तिचा मूळ प्रश्न कुणी नीट घेतलाच नाही. कलाकार स्वतः म्हणतोय की ही परंपरा माझी नाही, तर ‘आहे, आहे’ म्हणून त्याला ओढून घेणारी संस्था नक्की कुणाचा मान वाढवते? त्याचा की स्वतःचा?

दार बंद ठेवलं तर काय होतं

याच्या उलट टोकाला नॅशव्हिलचा कंट्री म्युझिक हॉल ऑफ फेम आहे. १९६१ पासूनचा, शिस्तीचा. वर्षाला साधारण तीन जागा, एक अलीकडच्या कलाकाराला, एक जुन्या पिढीतल्याला, तिसरी आलटूनपालटून गीतकार, वादक किंवा पडद्यामागच्या माणसाला. जागा कमी म्हणून मान मोठा. कंट्रीच्या माणसाला त्या पदकाचं जे अप्रूप आहे, ते रॉकच्या हॉलबद्दल रॉकवाल्यांना नाही. सेक्स पिस्टल्स या पंक बँडने तर २००६ मध्ये शिव्या लिहिलेली चिठ्ठी पाठवून सन्मान नाकारला. नॅशव्हिलमध्ये असं होणं अवघड आहे.

पण या शिस्तीची किंमत काय, तर रे चार्ल्स. फ्लोरिडात वाढलेल्या या अंध मुलाने लहानपणी रेडिओवर नॅशव्हिलचे कंट्री कार्यक्रम ऐकले, तरुणपणी एका गोऱ्या कंट्री बँडमध्ये पियानो वाजवला. १९६२ मध्ये त्याने कंट्री गाण्यांचा अख्खा अल्बम केला. त्यातलं डॉन गिब्सनचं एक गाणं बिलबोर्डच्या मुख्य यादीत पाच आठवडे पहिल्या क्रमांकावर होतं. कधी कंट्रीच्या वाटेला न गेलेल्या लाखो लोकांनी त्या गाण्यांतून कंट्री ऐकलं. नॅशव्हिलच्या गीतकारांना यातून मिळालेली प्रतिष्ठा वेगळीच. रॉकच्या हॉलने त्याला पहिल्याच रात्री, १९८६ मध्ये घेतलं. कंट्रीच्या हॉलमध्ये त्याचा समावेश मे २०२२ मध्ये झाला. अल्बमला ६० वर्षं झालेली, त्याला जाऊन जवळपास १८. त्याच्या आधी तिथे कृष्णवर्णीय कलाकार दोनच होते, चार्ली प्राइड (२०००) आणि डीफर्ड बेली (२००५).

‘दुसऱ्या प्रकारातला’ म्हणून बाहेर ठेवणं दिसायला निव्वळ संगीताचा निर्णय वाटतो. पण प्रकारच मुळात कातडीच्या रंगावरून पाडलेले असतील, तर तो तसा राहत नाही.

रॉकचा हॉलही यातून सुटलेला नाही. १९८६ च्या पहिल्या यादीत एकही बाई नव्हती. अरीथा फ्रँकलिन १९८७ मध्ये पहिली. सिस्टर रोझेटा थार्प १९३८ पासून तबकड्या काढत होती. चर्चची गाणी, पण पुढे हातात इलेक्ट्रिक गिटार आणि वाजवायची ढब अशी की लिटल रिचर्ड, जॉनी कॅश यांच्यासारख्यांनी तिचं ऋण मानलं. तिला घेतलं २०१८ मध्ये. एल्व्हिसच्या आधी चार वर्षं ‘हाउंड डॉग’ गाणारी बिग मामा थॉर्नटन २०२४ मध्ये आली. सप्टेंबर २०२३ मध्ये संस्थापकांपैकी एक असलेल्या जॅन वेनर यांनी न्यू यॉर्क टाइम्सच्या मुलाखतीत आपल्या पुस्तकात सगळे गोरे पुरुषच का, याचं समर्थन करताना स्त्रिया आणि कृष्णवर्णीय कलाकार त्या बौद्धिक पातळीवर मुद्देसूद बोलू शकत नाहीत अशा अर्थाचं विधान केलं. दुसऱ्या दिवशी संचालक मंडळाने त्यांना काढलं. चाळीस वर्षं दाराशी कोण बसलं होतं, हे त्या मुलाखतीतून आयतंच कळलं.

ओसरीवरचं ताट

या सगळ्यात एक मधला मार्ग संस्थेने काढला आहे आणि तो मला अजिबात आवडत नाही. मुख्य ‘कलाकार’ विभागासाठी मतदान होतं. पण ‘सांगीतिक उत्कृष्टता’ आणि ‘सांगीतिक प्रभाव’ अशा विभागांसाठी आतली समिती थेट नावं ठरवते. मतदारांनी वारंवार नाकारलेले, पण बाहेर ठेवायची लाज वाटावी असे कलाकार इथून आत येतात. डिस्कोचा अव्वल बँड शिक अकरा वेळा मतपत्रिकेवर आला आणि अकराही वेळा हरला. मग २०१७ मध्ये त्यातल्या एकट्या नाइल रॉजर्सला उत्कृष्टतेचा पुरस्कार दिला. रॅपर एलएल कूल जे सहा वेळा हरला, २०२१ मध्ये तसाच आला. जर्मनीचे क्राफ्टवर्क, ज्यांच्या यंत्रसंगीतावर निम्मं आधुनिक पॉप उभं आहे, त्यांना त्याच वर्षी ‘प्रारंभीचा प्रभाव’ म्हणून घेतलं. वास्तविक तो विभाग रॉकच्या आधीच्या लोकांसाठी होता, आणि क्राफ्टवर्क सत्तरच्या दशकातले. आणि हो, ज्युडास प्रीस्ट हा अस्सल मेटल बँडही २०२२ मध्ये याच मार्गाने.

पंगतीत पान मांडायचं नाही, पण पाहुणा उपाशी गेला असं कुणी म्हणू नये म्हणून ओसरीवर ताट द्यायचं, असा हा प्रकार आहे. यात डिस्कोवाले, रॅपवाले आणि मेटलवाले एकाच ओसरीवर बसलेले दिसतात, हे भांडणाऱ्या दोन्ही गटांनी लक्षात घ्यायला हवं.

मग घ्यायचं कुणाला?

माझं मत असं की ‘हा कोणत्या प्रकारातला?’ हा प्रश्नच मतपत्रिकेवरून काढून टाकावा आणि एकच विचारावं, या माणसाला वगळून रॉकचा इतिहास सांगता येतो का? सांगता येत असेल तर तो कितीही मोठा असो, त्याच्यासाठी दुसऱ्या संस्था आहेत. येत नसेल तर त्याने आयुष्यात गिटारला हात लावला नसला तरी तो आत हवा.

ही कसोटी लावली तर रे चार्ल्स, कॅश, मार्ली, रन-डीएमसी, क्राफ्टवर्क बिनदिक्कत आत येतात. एन.डब्ल्यू.ए.ही येतात, नव्वदीतल्या संतप्त गिटार बँडांनी त्यांच्याकडून काय घेतलं ते ऐकलं की पुरे. माइल्स डेव्हिसही येतो, कारण १९७० च्या आसपास त्याने विजेची वाद्यं हाती घेतल्यावर जॅझइतकंच रॉकही हललं. मेटलला इतकी वर्षं थांबवणं हा तर या कसोटीवर सरळ अन्याय ठरतो.

पण ही कसोटी गैरसोयीची उत्तरंही देते. पॉप गायिका व्हिटनी ह्यूस्टन (२०२०) मला मनापासून आवडते, तो आवाज पुन्हा होणे नाही. तरी तिच्याशिवाय रॉकचा इतिहास सांगता येतो. डॉली पार्टनशिवायही येतो, आणि ते तिने स्वतःच सांगितलं होतं. या दोघींना आत ठेवायचं असेल तर त्यालाही माझी हरकत नाही, पण मग संस्थेने दारावरची पाटी बदलून ‘अमेरिकी लोकप्रिय संगीताचा हॉल ऑफ फेम’ असं लिहावं आणि ऑपेरा सोडून सगळ्यांना बोलवावं. रॉक या नावाचा दबदबाही हवा आणि त्याची जबाबदारी नको, हे चालायचं नाही.

शिक या बँडला मात्र मी तरीही मुख्य विभागात घेईन. नाइल रॉजर्स आणि बर्नार्ड एडवर्ड्स यांनी १९७९ मध्ये बांधलेली बेसची एक ओळ क्वीनच्या सगळ्यात खपलेल्या गाण्यांपैकी एकात सहज ओळखू येते. हिप-हॉपच्या पहिल्या मोठ्या हिटचा तर सबंध पाया तीच ओळ आहे. डेव्हिड बोवीने १९८३ मध्ये आपला सर्वाधिक खपाचा अल्बम रॉजर्सच्याच हाती दिला. बर्नार्ड एडवर्ड्स १९९६ मध्ये गेला. २०१७ च्या त्या पुरस्कारावर त्याचं नाव नाही.